मोहरीची उशी

कुमुदिनीकाकूंनी यशोधराकडून वचन घेतलं ते आंघोळीच्या स्टुलावर बसून. अंगाला साबण लागलेला, केस वर बांधलेले, आणि एकदम म्हणाल्या, "मी गेले की शेवटची आंघोळ मला तूच घालायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. वन्संना तर नाहीच नाही."

"काय काकू, सकाळी सकाळी! अजून शंभरी गाठायचीय तुम्हाला."

"शंभरी गाठून काय करू, तुला छळू? हो म्हण आधी."

"हो."

"असं नाही. डोक्यावर हात ठेवून म्हण."

यशोधराचा हात साबणाने बरबटलेला होता. तो तसाच काकूंच्या डोक्यावर ठेवून ती हो म्हणाली, आणि मग दोघींना हसू आलं. केस धुवायचा वार नव्हता आणि आता धुवावेच लागणार होते.

काकूंना एवढं वचन का घ्यावं लागलं, ते आधी सांगायला हवं.

काकू आणि त्यांचे यजमान दौलतराव धुरी गिरगावातली चाळीतली खोली विकून बदलापूरला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. चामटोलीच्या बाजूला जी नवी सोसायटी उभी राहिली तिच्यात निम्मीअधिक वस्ती अशीच, कोणी परळचं, कोणी दादरचं, सगळी निवृत्त मंडळी. एका खोलीच्या किमतीत इथे हॉल, दोन बेडरूम आणि वर डोंगर दिसणारी बाल्कनी मिळते. या मंडळींना इथली हवा आवडते, पाणी आवडतं, भाजी तर फारच आवडते. आवडत नाहीत ती फक्त इथली माणसं. "इथली माणसं ना," असं म्हणून एकदा गाडी सुरू झाली की रिक्षावाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळ्यांना झोडपूनच ती थांबते. आणि ही इथली माणसं दोन दिवस आली नाहीत तर यांच्या घरात दूध येत नाही, गोळ्या येत नाहीत आणि म्हाताऱ्याला संडासातून उठवायला कोणी नसतं. पण नावं ठेवायला काय जातं? घरकामाच्या बायकांनी सामानाच्या लिफ्टने जायचं आणि निघताना गेटवर पिशवी उघडून दाखवायची, असा नियम या मंडळींनी पहिल्याच सभेत एकमताने करून टाकला होता.

धुरी त्यातले नव्हते. दौलतरावकाका बँकेतून निवृत्त झालेले, वाचणारे, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर समतेवर भाषण करणारे. यशोधरा कामाला लागली तेव्हा ते स्वतः खाली उतरले आणि वॉचमनला म्हणाले, "हिची पिशवी बघायची नाही. ही आमची मुलगी आहे." यशोधराला इतका आनंद झाला की बेलवलीला घरी पोचल्याबरोबर तिने सासूला तो सांगितला. सासू भिमाबाईंनी उभा जन्म उल्हासनगरला शेठाण्यांच्या घरी धुणीभांडी करून काढलेला. त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "पोरगी म्हणतात व्हय? बरं हाय. म्हनायला काय जातंय. येळ आली की कळंल." यशोधराला सासूचा राग आला. म्हातारीला कोणाचं चांगलं बघवतच नाही, असं तिला वाटलं.

काकूंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, पायात जोर राहिला नाही. स्वभाव मात्र जिथल्या तिथे होता. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेली बाई, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. पहिल्याच आठवड्यात यशोधराने पुसताना मिठाची बरणी या फळीवरून त्या फळीवर ठेवली आणि जी बोलणी खाल्ली ती तिला जन्मभर पुरली. "विचारल्याशिवाय या घरात काही हलवायचं नाही." ते यशोधराच्या अंगात असं मुरलं की पुढे पुढे ती खिडकी उघडायलाही विचारायची.

पण आंघोळ घालू देईनात. "माझं मी पुसून घेते," एवढंच. एका हाताने काय पुसणार? शेवटी अंगाला वास येऊ लागला तेव्हा म्हणाल्या, "घाल. पण दिवा बंद कर."

अंधारात यशोधराने पाणी घातलं, साबण लावला. साबणाचा हात डाव्या छातीवर आला आणि तिथे काहीच नव्हतं. सपाट, आणि वरून काखेपर्यंत गेलेला ओबडधोबड वण. हात जरासा अडखळला. मग तसाच पुढे फिरला आणि ती म्हणाली, "पानी जास्त गरम नाय ना काकू?"

काकू हमसून रडायला लागल्या. बराच वेळ रडल्यावर म्हणाल्या, "दिवा लाव आता."

गिरगावात असतानाच ऑपरेशन झालं होतं. सगळ्यांना सांगितलं पित्ताशयाचं. कारण दौलतरावांची थोरली बहीण संजीवनीताई त्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या कानात सकाळी पडलेली गोष्ट दुपारपर्यंत चाळीला पाठ व्हायची. शेजारच्या एकीचं असंच ऑपरेशन झालं तेव्हा हळदीकुंकवाला संजीवनीताई भर बायकांत म्हणाल्या होत्या, "मला बाई तिच्या नवऱ्याची कीव येते." बायका हसल्या होत्या. काकूंनी ते हसणं ऐकलं होतं. नंतर स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून सगळं सोसलं आणि कोणाला कळू दिलं नाही. चाळीतल्या मोरीला दार नव्हतं, पडदा होता. त्या पडद्याच्या धाकात काकूंनी वर्षं काढली. लोक विचारायचे, बदलापूरला का हो आलात? काका म्हणायचे, हवा. काकू खरं कारण यशोधरालाच सांगत, "इथल्या बाथरूमला कडी आहे गं."

तर हे ठाऊक असलेली माणसं जगात दोन, काका आणि यशोधरा.

ब्लाउजमध्ये काकू रुमालाची घडी घालायच्या. ती सरकून गळ्याशी यायची, म्हणून त्या पदर आवळून बसायच्या आणि खाली बागेत जायला नको म्हणायच्या. यशोधराने एकदा घरी ट्रंक उघडली. तिच्या मुलीची, स्वप्नालीची, तान्हेपणची मोहरीची उशी तिच्यात होती. डोकं गोल यावं म्हणून बाळाच्या मानेखाली ठेवतात ती, मऊ मलमलीची, भिमाबाईंनी हाताने शिवलेली. स्वप्नाली आता कॉलेजात जात होती. यशोधराने ती उशी उसवली, बेताची गोल थैली शिवली, अंदाजाने मोहरी भरली. वजन बरोबर बसलं. काकूंनी आरशात समोरून बघितलं, बाजूने बघितलं, पदर सोडला, पुन्हा घेतला, आणि त्या संध्याकाळी व्हीलचेअरवर बसून पहिल्यांदा खाली बागेत गेल्या. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाशी आपणहून बोलल्या. यशोधराला स्वप्नालीला पहिल्यांदा शाळेत सोडलं होतं त्या दिवसासारखं वाटलं. रात्री ती थैली काकूंच्या उशीखाली असायची आणि सकाळी आंघोळ झाली की जागेवर जायची.

असं बरीच वर्षं चाललं. आणि एका सकाळी काकांनी दार उघडलं तेच म्हणाले, "उठत नाही गं ती."

यशोधरा आत गेली. तिने कपाळाला हात लावला आणि तिला कळलं. डोळे अर्धे उघडे होते ते तिने मिटले. डॉक्टर आले, बघितलं, कागद देऊन गेले. काका खुर्चीत बसून होते, हातात फोन तसाच. यशोधराने डोळे पुसले, बाथरूममध्ये जाऊन गीझर लावला, बादली भरली आणि बाहेर येऊन म्हणाली, "काका, मी आंघोळ घालून घेते. लोक यायच्या आत. काकूंनी सांगितलेलं मला."

काकांना ते माहीत होतं. काकूंनी त्यांनाही दहादा ऐकवलं होतं. ते म्हणाले, "थांब जरा. ताईला फोन केलाय. ती म्हणाली, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका."

"पण काकूंनी वचन घेतलंय काका."

"मी सांगतो ना तिला. तू कशाला काळजी करतेस? येऊ दे तिला. मी बोलतो."

यशोधरा थांबली. इथेच तिचं चुकलं. गिरगावाहून गाडी येईपर्यंत हवा तेवढा वेळ होता. आतून कडी लावली असती तर कोण अडवणार होतं? खुर्चीतला म्हातारा उठून दार तोडणार होता का? पण विचारल्याशिवाय काही हलवायचं नाही ही सवय हाडीमाशी गेलेली, आणि विचारलं तर उत्तर आलं, थांब. बादलीतलं पाणी निवलं.

उशीखालची थैली तरी काढून घ्यावी असं तिच्या मनात आलं. तिने हात घातलाही होता. तेवढ्यात शेजारच्या दोघी आत आल्या आणि तिने हात मागे घेतला. मेलेल्या बाईच्या उशीखालून कामवाली काहीतरी काढतेय, हे दिसलं असतं तर तिचं काय ऐकून घेतलं असतं कोणी? ज्या गेटवर रोज बायकांच्या पिशव्या उपसतात त्या गेटच्या आतलं तिचं आयुष्य, तिला हे शिकवायला कोणी लागलं नाही. ती कोपऱ्यात उभी राहिली.

संजीवनीताई दोन सुनांना घेऊन आल्या. दारातच त्यांनी हंबरडा फोडला, काकांच्या गळ्यात पडल्या, आणि रडणं आटोपल्यावर डोळे कोरडे करून कामाला लागल्या. हिरवी साडी कुठली, बांगड्या कोण आणणार, फुलं सांगितली का. "भाग्याची गं माझी भावजय, सवाष्ण गेली," असं मध्ये मध्ये म्हणत होत्या.

यशोधरा पुढे झाली. "ताई, आंघोळ मी घालते. रोज मीच घालायची त्यांना."

संजीवनीताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू खूप केलंस हो तिचं. दादू नेहमी सांगतो. पण आता आम्ही आलोय ना. आणि सवाष्णीला सवाष्णींनीच न्हाऊ घालायचं असतं, तुला ठाऊक नसेल. तुझे मिस्टर नाहीत ना?"

यशोधराचा नवरा प्रमोद अंबरनाथला कंपनीत होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. जातीचं जे बोलायचं नव्हतं ते या रीतीभातीच्या आड आरामात बसलं होतं, आणि यशोधरा त्याला चांगली ओळखत होती. संजीवनीताईंचे यजमानही कधीच गेलेले, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी आंघोळीची तयारी त्याच करत होत्या आणि त्यांना कोणी आठवण करून दिली नाही.

यशोधराने काकांकडे बघितलं. मी बोलतो, म्हणाले होते. काका शववाहिनीचा नंबर शोधत होते.

"काका," ती म्हणाली.

"हं, हं," काका म्हणाले. मान वर केली नाही.

धाकट्या सुनेने काकूंचं डोकं उचललं, थोरलीने उशी ओढली. थैली चादरीवर पडली. मोहरी आत सळसळली ते सगळ्यांनी ऐकलं.

"हे काय?" थोरलीने ती दोन बोटांनी उचलली, चाचपली. "सासूबाई, मोहरी आहे हिच्यात. उशाशी मोहरी!"

शेजारीण म्हणाली, "आमच्या विहिणींकडे अशीच निघाली होती. बाई सहा महिन्यांत गेली." दुसरी म्हणाली, "इथे गावाकडे चालतात हो असले प्रकार. मी पहिल्यापासून सांगतेय."

संजीवनीताई भावाकडे वळल्या. "दादू, काय आहे हे? तुला माहीत होतं?"

सगळे काकांकडे बघायला लागले. यशोधराही बघत होती. पहिल्या दिवशी ती थैली घालून काकू आरशासमोर बसल्या तेव्हा काका मागे उभे होते. "आता कशी धुरीबाई शोभतेस," असं म्हणाले होते. त्यांना त्या थैलीची शिवणसुद्धा ओळखू आली असती.

काकांनी थैलीवरून नजर काढली. मग म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही."

"मग कोणी ठेवली?" आता सगळ्या यशोधराकडे वळल्या. "तू ठेवलीस?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य भर बायकांत, संजीवनीताईंच्या तोंडावर, काकू समोर पडलेल्या असताना सांगायचं? ज्या हसण्याला भिऊन त्या बाईने अख्खी चाळ सोडली, ते हसणं यशोधराने स्वतःच्या हाताने आणून त्यांच्या उशाशी ठेवायचं? आंघोळ घालताना पुढे काय उघड होणार ते तिला दिसत नव्हतं असं नाही. पण आपल्या तोंडून ते जाणार नाही एवढं तिला कळत होतं. आणि वेड्या आशेने तिला वाटलं, आपण आळ अंगावर घेतला तर काकांना लाज वाटेल. आता तरी बोलतील.

"हो. मीच ठेवली," ती म्हणाली.

"कशाला?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

तिच्या घराने छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. भिमाबाईंनी स्वप्नालीच्या मनगटात कधी काळा दोरा बांधू दिला नाही, कपाळाला तीट लावू दिली नाही. शेजारच्या कोणी बाळावरून मीठमोहरी ओवाळायला आल्या तर म्हातारी त्यांना चहा पाजून परत पाठवायची. आणि त्या घरची यशोधरा चार बायकांसमोर म्हणाली, दृष्ट लागू नये म्हणून.

"म्हणजे गंडेदोरे!" संजीवनीताईंचा आवाज चढला. "आजारी बाईच्या उशाशी! काय काय केलं असशील देव जाणे. चल, हो बाहेर आधी. हिला इथे उभी करू नका."

आणि काका बोलले. यशोधरा ज्याची सकाळपासून वाट बघत होती तो त्यांचा आवाज अखेर फुटला. "यशोधरा, तू जरा खाली जाऊन थांब. माझं ऐक."

ती खाली गेली. सामानाच्या लिफ्टने गेली आणि वॉचमनच्या खोलीजवळ कट्ट्यावर बसली. वर काय चाललं असेल ते ती मनात बघत होती. चादर धरली असेल. गाऊनची बटणं काढली असतील. अजूनही काका म्हणतील, थांबा. अजूनही कोणीतरी धावत येईल आणि म्हणेल, चल, तुला बोलावलंय.

आली ती धाकटी सून, फोनवर बोलत. वर नेटवर्क नसावं. कट्ट्यावर कोण बसलंय याकडे तिचं लक्ष नव्हतं, किंवा होतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं. "अगं, शॉक बसला आम्हाला. एक बाजू पूर्ण सपाट. हो, खरंच. आम्हाला सांगितलं पित्ताशय! सासूबाई म्हणतायत, दादूमामांनी जन्म कसा काढला असेल. बिचारे."

यशोधराने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

काकूंना खाली आणलं तेव्हा दर्शनाला सगळी सोसायटी उतरली होती. यशोधरा मागे उभी राहिली आणि तिने दुरूनच हात जोडले. हिरवी साडी चापूनचोपून नेसवली होती. कुंकू ठसठशीत लावलं होतं. पण थैली वर कुठेतरी कचऱ्यात पडली होती आणि डाव्या बाजूला पदर खोल बसला होता. फूल वाहायला जो वाकत होता त्याला ते दिसत होतं. पदराची एक घडी पुढे ओढून घेतली असती तरी झाकलं गेलं असतं. तेवढंही कोणाला सुचलं नाही. काका डोक्याशी उभे होते, त्यांनाही नाही. यशोधराचे हात वळवळत राहिले.

घरी येऊन तिने भिमाबाईंना सगळं सांगितलं. दृष्टीचं ऐकलं तशी म्हातारी ताडकन उठून बसली. "तू म्हनलीस असं? आपल्या घरातल्या बाईनं? त्या लोकांम्होरं?"

"मग काय सांगू आई? त्यांचं अंग उघडं करू सगळ्यांसमोर?"

भिमाबाई पुन्हा खाली टेकल्या. मग त्यांचे डोळे भरले. "मी शिवलेली उशी व्हती ती," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीची. आन त्यांनी तिला करनी म्हनली." त्यांनी यशोधराला जवळ ओढलं आणि सासूसुना तशाच बसून राहिल्या. वेळ आली की कळेल, असं आपण म्हणालो होतो याची म्हातारीने आठवण काढली नाही. माणसाने मोठं असावं तर एवढं असावं.

सोसायटीत तिची आणखी दोन कामं होती. दोन्ही घरांतून निरोप आला, उद्यापासून नको. ग्रुपवर मेसेज फिरला होता म्हणे, करणी करणाऱ्या बाईपासून सावध राहा. आणि त्याच तोंडांनी काकूंच्या छातीची गोष्टही मजल्यामजल्यावर पोचली. म्हटलं तर दोन आणि दोन चार करायला काय लागतं? एकीकडे वण, दुसरीकडे मोहरीची गोल थैली. पण चार करून यशोधराला सोडवण्याची गरज कोणाला होती? काकूंची अब्रू गेली आणि यशोधरावरचा आळही तसाच राहिला.

तेरावं झालं आणि काकांचा फोन आला. ये गं एकदा, म्हणाले.

गेटवर वॉचमनने मान खाली घालून वर फोन लावला, मग तिची पिशवी मागितली. तिने उघडून दाखवली.

काकांची दाढी वाढली होती. ओट्यावर दूध उतू जाऊन वाळलं होतं. "बस," त्यांनी खुर्ची दाखवली. यशोधरा उभीच राहिली.

"घास जात नाही गं. पोळीवालीच्या हाताला चव नाही. तू ये उद्यापासून. दोन्ही वेळचं कर. तू तर घरचीच."

"मला सोसायटीत घेत नाहीत काका."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"काय बोलाल?"

"सांगेन, तसं काही नव्हतं. गैरसमज झाला."

"मग काय होतं, विचारतील."

काका सदऱ्याची बाही चाचपत राहिले.

"काका, आता झाकायला काय राहिलंय? सगळ्यांना कळलं. वॉचमनला पन माहीत हाय. आता तरी सांगा, ती उशी कशाची होती. माझ्या सासूनं चार दिवस अन्न गोड मानलं नाय. माझ्यासाठी नाय तर तिच्यासाठी सांगा."

"गेलेल्या माणसाचा विषय कशाला परत परत," काका म्हणाले. "विसरतात गं लोक. होईल सगळं शांत."

यशोधराने त्यांच्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं, राग येईल. तसं काही झालं नाही. खुर्चीत एक म्हातारा बसला होता, सदऱ्याचं बटण वरखाली लावलेला. एरवी तिने पुढे होऊन ते नीट लावलं असतं.

आणि मग काका रडायला लागले. आधी खांदे हलले, मग लहान मुलासारखा आवाज फुटला. "माझं तोंडच उघडलं नाही गं. ताईपुढे माझं लहानपणापासून असंच होतं. शब्द ओठावर आला होता, शपथेवर सांगतो. रात्रंदिवस तेच दिसतं." त्यांनी डोळे वर केले. "यशोधरा, तिला कळलं असेल का गं? मी काही बोललो नाही ते?"

यशोधराचा मरणानंतरच्या कशावर विश्वास नव्हता. माणूस गेलं की गेलं, मागे बघायला कोणी उरत नाही, हे ती लहानपणापासून विहारात ऐकत आली होती. काकूंनाही तिने एकदा असंच समजावलं होतं आणि काकूंना बरं वाटलं होतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. नाही हो काका, त्यांना काय कळणार, एवढं म्हटलं असतं की म्हातारा त्या रात्री झोपला असता. या घराला ती वर्षानुवर्षं धीर देत आली होती. धीर देणं तिच्या हाताला पाण्याच्या तांब्यासारखं सवयीचं होतं.

"हो," ती म्हणाली. "कळलं असंल. त्यांना सगळं कळायचं."

काकांचा चेहरा ढासळला. तो तिने बघितला. शब्द परत घ्यायला वेळ होता आणि तिने घेतला नाही. चपला घालून तिने दार ओढलं.

लिफ्टकडे न जाता ती जिन्याने उतरायला लागली. मधल्या वळणावर पायरीवर बसली आणि त्या दिवसापासून अडलेलं रडू तिला तिथे आलं. आपण आज एका म्हाताऱ्याला जन्माची जखम करून आलो, हे तिला कळत होतं आणि त्याचंही तिला रडू येत होतं. पण सगळ्यांत जास्त येत होतं ते त्या निवलेल्या बादलीचं. काकू, माझं चुकलं, मी कडी लावायला हवी होती, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. काकू आता कुठेच नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती त्यांची माफी मागत राहिली.